दर पाच सेकंदांनी हल्ला

पुरवणी जबाब, दि. १२/८/२००३

मी शंकरप्पा विश्वेश्वर तोडकरी, वय ४७, धंदा स्टेशनरी दुकान व 'सिंदफणाकाठ' या बातम्यांच्या वेबसाइटचा संपादक, शिक्षण दहावी (संगणक स्वतः शिकलो, कोणत्याही क्लासला गेलो नाही, हे लिहून घ्यावे), रा. माजलगाव, ठाण्यात आपण होऊन हजर राहून सांगतो की,

आमच्या भागातील एका साखर कारखान्याच्या निवडणुकीची मतमोजणी काल सुरू झाली, ती आजही चालू आहे. निकाल मी फेरीगणिक साइटवर टाकत होतो. एरवी साइट दिवसाला चाळीस-पन्नास वेळा उघडली जाते, त्यांत दहा-बारा वेळा मीच असतो. काल दुसऱ्या फेरीनंतर एकाएकी एवढी झुंबड आली की साइट बसली. ज्याचा सर्व्हर मी भाड्याने घेतला आहे, त्या पुण्याच्या माणसाने फोनवर "हल्ल्यासारखं दिसतंय" असे सांगितले. कोणी हल्ला करावा इतके आपण मोठे झालो, याचा मला आनंद झाला.

माझा भाचा संगमेश्वर दुकानासमोर नेटकॅफे चालवतो. मागे तो चारचौघांत "मामा, तुमची साइट लई जड हाय" असे बोलला होता. एवढ्यावरून मी काल सायंकाळी त्याच्यावर संशय असल्याची तक्रार दिली. आज दुपारी नांदूरघाटचे पाहुणे त्याला पाहायला येणार आहेत. तक्रार देताना हे मला माहीत होते.

आज सकाळी त्याला चौकशीला बोलावले. मी दरडावले, "कावून केलं बे?" तो म्हणाला, "मामा, पेज आपोआप रिफ्रेश व्हायची ओळ टाकली का तुमी?" टाकली होती. दर पाच सेकंदांनी. लोकांना बटण दाबायचा त्रास नको म्हणून. तो म्हणाला, "मंग झालं! माणूस च्या पीत बसलेला, अन् त्याचं पेज मिनिटाला बारा खेपा मारतंय. हल्ला तुमीच केलता."

हवालदार भगवानराव म्हणाले, "म्हणजे फिर्यादी बी हेच अन् आरोपी बी हेच?" सगळे हसले. मी हसलो नाही.

संगमेश्वरने बाकावरूनच उपाय सांगितला. ती ओळ काढा, उमेदवारांचे फोटो काढा, तुमचा फोटो काढा, नुसते आकडे ठेवा. घरी जाऊन मी तसे केले. माझा फोटो सर्वांत शेवटी काढला. साइट उठली.

"हल्लेखोर ताब्यात" अशी बातमी मी सकाळीच चढवली होती, तीही काढली. साइट बंद असल्याने ती कोणी वाचलेली नाही. माझ्या साइटचा कोणाला झालेला हा पहिला उपयोग.

संगमेश्वरविरुद्ध माझी काही तक्रार नाही. त्याला लगेच घरी पाठवावे. पाहुण्यांपुढे मुलाचा मामा म्हणून मी बसायचे, असे बहीण गंगासागर हिने ठरवले होते. आता बसू का, असे मी त्याला इथेच विचारले. तो म्हणाला, "बसा. फकस्त बोलू नका."

वरील मजकूर भगवानरावांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यातले ऱ्हस्व-दीर्घ मी दाखवून देऊ लागलो असता "पाहुणे येतील, सही करा" असे सांगण्यात आले. बाकी सर्व बरोबर आहे.

(सही) शं. वि. तोडकरी