पिल्लेसाहेबांना हसू नका

आजच्या सत्कार समारंभाचे अध्यक्ष माननीय आप्पासाहेब तुपे, व्यासपीठावर बसलेल्या डॉक्टर मंदाकिनीताई सहस्रबुद्धे, पंचाहत्तरी पूर्ण करणारे सत्कारमूर्ती दोरैकण्णू पिल्लेसाहेब, धनमवहिनी, आणि रास्ता पेठेतल्या माझ्या बंधुभगिनींनो,

कार्यक्रमपत्रिकेत या जागी सत्कारमूर्तींचं उत्तर आहे आणि माझं, म्हणजे अनंत वाटव्याचं, नाव अगदी शेवटी आभाराला आहे, हे मला ठाऊक आहे. तरीही मी मध्येच उठून माईक धरला. पुण्यात याहून मोठा गुन्हा नसेल. मी घाबरलो आहे.

आत्ताच अध्यक्षांनी भाषणाच्या भरात फर्मावलं, "पिल्लेसाहेब, उत्तर वगैरे राहू द्या, एकदा ते तुमचं पडणं होऊन जाऊ द्या!" आणि तुम्ही सगळ्यांनी टाळ्यांनी सभागृह डोक्यावर घेतलंत. आप्पासाहेब, आपला उत्साह दांडगा आहे. स्वतःची मान शाबूत असली की माणसाला उत्साह असतोच.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो. मायावरमजवळच्या खेड्यातले हे गृहस्थ सातव्या वर्षी नाटक कंपनीत शिरले. तमिळ बोलपट निघू लागले तेव्हा मद्रासेला त्यांची धड सोय नव्हती, म्हणून कंपन्या बिऱ्हाड घेऊन इकडे यायच्या. चौतीस साली अशीच एक कंपनी पुण्यात उतरली. तिच्यात विनोदी कामाला पिल्लेसाहेब होते, आणि कानाला यंत्र लावून आवाज टिपायला बावीस वर्षांचा मी. तमिळचं अक्षर कळत नव्हतं, पण त्यांनी भुवई उचलली की मला हसू फुटायचं.

त्यांचं काम नोकराचं. ताटांची चवड घेऊन जिन्यावरून गडगडत खाली यायचं. खाली कापसाची गादी अंथरलेली. ते पडले, सगळे हसले, आणि मी ओरडलो, "गादी काढा! आवाज दबतोय, पडल्यासारखं वाटत नाही!" दुभाष्यानं ते त्यांना सांगितलं. पिल्लेसाहेबांनी स्वतः गादी उचलून बाजूला ठेवली. मग ते उघड्या फळ्यांवर पाच वेळा पडले. पाचव्या खेपेला मला मनासारखा आवाज मिळाला. त्या आवाजात त्यांच्या मानेचा मणकाही होता, हे मला फार उशिरा कळलं.

त्या पडण्यानं त्यांचं नाव झालं. पुढे साठेक चित्रपटांत ते पडतच राहिले. विहिरीत पडले, भाताच्या राशीत पडले, सासऱ्याच्या मांडीवर पडले. लोक पोट धरून हसायचे आणि घरी धनमवहिनी मिठाच्या पुरचुंडीनं मान शेकत बसायच्या. पंधरा वर्षांपूर्वी लेकीच्या ओढीनं दोघं पुण्यात आले, तेव्हा कुठे वहिनींचे हात मोकळे झाले.

गेल्या महिन्यात मंदाकिनीताईंनी त्यांच्या मानेचा एक्स-रे काढायला लावला. ताई, सांगू ना? सांगतोच. त्या म्हणाल्या, "आता पडले तर उठणार नाहीत."

हे त्यांना माहीत नाही असं समजू नका. आज सकाळीच मी त्यांना बजावायला गेलो होतो, की कोणी काहीही म्हणो, खुर्ची सोडायची नाही. तर मला म्हणतात, "अनंतराव, पंधरा वर्षं झाली, मला बघून कोणी हसलं नाही. आज हॉल भरणार. तुम्ही मला कशासाठी जपून ठेवता?" मी चहा पिऊन परत आलो.

अहो, पाहा, चपला काढल्या त्यांनी. वहिनी, हात धरा त्यांचा! सोडवून घेतला. पिल्लेसाहेब, बसा, माझी शपथ आहे... ऐकत नाहीत. व्यासपीठाच्या पायऱ्यांपाशी गेले. पहिल्या रांगेतले संपतराव, तुम्ही धरायला पुढे होऊ नका! साठ चित्रपटांत त्यांना धरायला गेलेला प्रत्येक माणूस त्यांना पाडायच्याच कामी आला आहे.

एकच उपाय आहे, आणि तो त्यांच्या धंद्यातला आहे. मी तो फोडतो. हा माणूस उगाच पडत नाही. आधी पायरीकडे बघतो, उपरण्यानं ती पुसतो, मग वळून तुमच्याकडे बघतो. पहिला हशा पिकला की त्या हशावर पाय सोडतो. हशा नाही, तर पडणं नाही. म्हणून मी हात जोडतो, कृपा करा, हसू नका.

पुसताहेत. आप्पासाहेब, तोंडाला रुमाल लावा! मागच्या रांगेतल्या बाई, मलाही येतंय हो, ओठ चावा. कोणाला चटकन दाद न देण्याबद्दल आपल्या गावाची ख्याती आहे, ती आज कारणी लावा.

वळले. बघताहेत.

कोणी हसलं नाही... कोणी नाही. पुन्हा बघताहेत, उजवीकडच्या रांगांकडे.

फिरले. येताहेत खुर्चीकडे. वहिनींनी हात धरला. बसले.

असा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. भरल्या सभागृहात एका नटाकडे पाचशे माणसं दगडासारखी बघत राहिली, आणि हे मी तुमच्याकडून त्यांच्या सत्काराच्या दिवशी करवून घेतलं. मला फार वाईट वाटतंय. पण ते बसले आहेत.

आता आभार उरकतो. अध्यक्षांचे, डॉक्टरांचे, चहाची व्यवस्था पाहणाऱ्या कुसुमताईंचे, आणि सगळ्यांत जास्त तुमचे. टाळ्या वाजवू नका, सावकाश बाहेर पडा. बोलण्याच्या ओघात अध्यक्षांना किंवा कोणालाही लागेल असं काही निघून गेलं असेल, तर या घाबरलेल्या माणसाला सांभाळून घ्या. पिल्लेसाहेबांची माफी मात्र मी इथे मागणार नाही. मागितली, तर ती द्यायला ते उठून उभे राहतील.