जमनीनं दिलेलं गानं

माजं माहेर अन् सासर दोन्ही जामखेडच्याच अंगाला, मधी एक डोंगर अन् एक कोरडा वढा, म्हंजे लगीन हून लई लांब गेले असं कायी झालं न्हाई. नाव सुभद्रा. वय साठीच्या आसपास धरा, आमच्या आईच्या ध्यानात एवढंच हुतं की मी झाले तवा ज्वारी हुरड्यात आल्ती. आमच्या घरात गानं म्हंजे कामाचंच, खुरपताना, दळताना, लगनात हळद लावताना, नुसतं बसून गानं म्हनायचं ही आमच्याकडं रीतच न्हाई. आई म्हनायची अन् मी मागून इचारायची, आई, ह्या शब्दाचा अर्थ काय, तर ती म्हनायची, अर्थ काय चुलीत घालायचाय का, हात चालव. पन मला ती खोडच. दारात नंदीबैलवाला येऊ दे, वासुदेव येऊ दे, मी त्याच्या मागं वस्तीच्या टोकापस्तोर जायची अन् इचारायची, बाबा, हे तुमाला कुनी शिकवलं. आईनं दोनदा मारलं त्याच्यापायी. खोड गेली न्हाई.

लगीन झालं अन् दुसऱ्याच साली आमी ऊसतोडीला गेलो. आमच्याकडं पावसाचा कायी भरवसा न्हाई, मग दिवाळी झाली की निम्मं गाव ऊस तोडायला जातं. माजे मालक ऊस तोडायचे, मी मोळ्या बांधून डोक्यावर घेऊन गाडीत टाकायची. आमची टोळी देवळाली प्रवऱ्याच्या बाजूला ऱ्हायची, तिकडं नजर जाईल तिथं ऊस अन् पाट भरून पानी, मला पयल्यांदा बघून वाटलं हितल्या मानसाला तहान म्हंजे काय ठावं असंल का. असो. मंदा माजी थोरली, ती तिथंच ऱ्हायली पोटात अन् पुढच्या साली तिला चार म्हयन्याची घेऊन आमी परत तिथंच. सासूबाई संगट हुत्या, लेकरू सांबाळायला.

त्या साली आमच्या कोपीच्या शेजारी सातपुड्यातली टोळी उतरली. पाचटाच्या झोपड्या त्या कोप्या, एका कोपीत कुनी खोकललं तर दुसरीत ऐकू येतंय. त्यातल्या एका बाईचं नाव जमनी. माज्याच वयाची, गळ्यात चांदी, अन् काखेत मंदाएवढंच लेकरू. तिला मराठी येत न्हवतं अन् मला तिचं कायी कळत न्हवतं. पन बायांचं काय असतंय, ती मला मीठ मागायची तर चिमूट करून दाखवायची, मी तिला काडीपेटी मागायची तर बोट बोटावर घासायची, भागलं आमचं. मंदा माजी लई रडकी. सांजच्याला मी भाकऱ्या थापायला बसले की हिचं सुरू. एक दिवस जमनी आली, मला न इचारताच मंदाला उचललं, दोन मांडीवर दोन लेकरं घेतली अन् गायला लागली. काय सांगू तुमाला, मंदा गपकन झाली. त्या गान्याला मधी मधी असा एक हेल हुता, वर जायचा अन् तिथंच सोडून द्यायचा, खाली आनायचाच न्हाई, आमच्या गान्यात असं नसतंय, आमी वर गेलो की खाली येऊन टेकतो. मला भाकर करपल्याचं भान ऱ्हायलं न्हाई.

मग रोजच मी तिच्याजवळ बसायला लागले. ती एक वळ म्हनायची, मी म्हनायची, ती हसायची, परत म्हनायची. निम्मं शिकले असंल. मी हातानं इचारायची, ह्याचा अर्थ काय, ती हात लांब करून कुठंतरी डोंगराकडं दाखवायची अन् तिच्या डोळ्यात पानी यायचं. ते पानी बगून मी परत तीच वळ म्हनायला लागायची. अन् एक दिवस आमी उसाच्या फडातून आलो तर शेजारच्या कोप्या रिकाम्या. मुकादमानं त्यांची टोळी दुसरीकडं हलवल्याली. मोबाईल तवा कुठला, अन् असता तरी बोलले काय असते मी तिच्याशी. तिच्या कोपीच्या जागी चुलीचे तीन दगड अन् राख, एवढंच. मी त्या दगडावर जरा बसले अन् उठले, मोळ्यांची गाडी थांबत न्हवती कुनासाठी.

पुढं आठ दिसांनी मंदाला ताप आला. मी तेच गानं म्हनत हुते तर सासूबाई म्हनाल्या, बंद कर ते, परक्या बोलीतलं गातीस, त्यात काय हाय कुनाला ठावं, तिच्या डोळ्याला पानी यायचं म्हंजे कुनी मेल्याचं रडगानंच असंल ते, तान्ह्या लेकराच्या कानात घालतीस व्हय. ताप गेला, इंजेक्शनानं गेला, पन माज्या मनात ते बसलं ते बसलं. मग मी ते उघड म्हनायचं सोडलं. पन दुसरा झाला संतोष, तो झोपंना की तोंडातून यायचंच, नुसतं हुं हुं करून, बिनशब्दाचं, अन् मग जीव चरकायचा की आपन काय करतोय. लई वरसं अशीच गेली. सासूबाई गेल्या, गुडघ्यानं ऊसतोड सुटली, मंदाचं लगीन झालं, लई वरसांनी ती पयल्या बाळंतपनाला आली, मुलगी झाली, तर मला म्हनती, आई, तू आमाला ते एक गानं म्हनायचीस तोंड मिटून, ते शिकव की मला. मी म्हनलं, न्हाई. का न्हाई? मग सांगितलं सगळं. ती म्हनाली, मग शोधून काढ की, चांगलं हाय का वाईट हाय, मला पन म्हनायचंय. मला तवा वाटलं, बाई, हिनं माजीच खोड उचलली.

आता शोधायचं कुठं. त्याच उन्हाळ्यात आमच्या हायस्कुलातल्या गान्याच्या पाटोळे मॅडमनी गान्याची पंगत सुरू केली. त्यांचंच नाव ते, पंगत. शाळंच्या पटांगनात मांडव, सकाळच्या पारी, कुनी बी यायचं, तिकीट-बिकीट कायी न्हाई, पन नियम एकच, आपलं गानं म्हनायचं, त्याचा अर्थ सांगायचा अन् एक वळ सगळ्यांना शिकवायची. नुसतं ऐकून कुनी उठायचं न्हाई. पयल्या साली मी बगायला गेले. मॅडमनी सोता त्यांच्या चर्चमधलं भजन म्हनलं, पेटी अन् टाळावर, मी म्हनलं हे तर आपल्या भजनासारखंच की, नाव तेवढं येशूचं. तांबोळी गल्लीतल्या बायांनी लगनातली गानी म्हनली, नवरदेवाच्या आईला शिव्या देनारी, आमच्या इहिनीच्या गान्यात बी त्याच शिव्या. लमान तांड्यावरच्या बाया आल्या, अकोले तालुक्यातले ठाकर आले. मी दिसभर तिथंच. घरी आले तर मालक म्हनाले, जेवलीस का. मला आठवंना.

दुसऱ्या साली मॅडम म्हनाल्या, औंदा सातपुड्यातली मंडळी येनारेत, ढोल-बासरी घेऊन. मी त्यांना एकीकडं घेऊन सगळं सांगितलं. त्या म्हनाल्या, मग म्हना की त्यांच्यासमोर. मी म्हनलं, मॅडम, रडगानं निघालं तर? मांडवात लगनसराईची पावनी मंडळी, अपशकून हुईल. अन् दुसऱ्याचं गानं, मोडकं-तोडकं, त्यांनाच ऐकवायचं? संतोष बी म्हनाला, आई, लोक हसतील. मॅडम एवढंच म्हनाल्या, हसले तर कळंल तरी का हसले ते.

तर मी उभी ऱ्हायले. म्होरं सातपुड्यातल्या बाया खाली सतरंजीवर बसल्याल्या, गळ्यात तसलीच चांदी. मी डोळे मिटले अन् सुरू केलं. दोन वळी झाल्या न झाल्या तर त्या बायांनी तोंडाला पदर लावला. खुसुखुसु हसू. मी थांबले. वाटलं मांडवातून खाली बगत निघून जावं. तेवढ्यात त्यांच्यातली एक म्हातारी उठली, माज्यापाशी आली, माजा हात धरला अन् मी जिथं थांबले हुते तिथून पुढं गायला लागली. पुढचं, बरं का, मला न येनारं. मला ठावंच न्हवतं की एवढं हाय पुढं. तुमी लिवायला पेन उचललं, पन ते शब्द ऱ्हाऊ द्या, माज्या तोंडात ते लई मोडलेत, त्यांच्या मानसानंच सांगावेत.

त्यांच्यात एक शिकल्याली पोरगी हुती, तिनं मराठीत सांगितलं. म्हनली, मावशी, हे पाखरं हाकलायचं गानं हाय. पाखरांनो उडा, हितं बसू नका, आमचं कनीस कोवळं हाय, पल्याडच्या शेतात जा, ते माज्या सासूचं हाय, तिथं पोटभर खा. सगळा मांडव हसला. मी बी हसले. म्हनलं, अगं पोरी, मी हे लेकरं निजवायला म्हनलं गं. तिनं म्हातारीला सांगितलं. म्हातारी काय म्हनली ठावं हाय का? म्हनली, मग बरोबरच म्हनलंस. शेतात माळा असतो, वर बाई बसती, माळ्याला खाली लेकराची झोळी बांधल्याली असती, बाई पायानं झोका देती अन् तोंडानं पाखरं हाकलती. आमची समदी लेकरं ह्याच गान्यावर निजलीत.

तवा मला कळलं जमनी हात लांब करून काय दाखवायची. तिचं शेत दाखवत हुती. मी म्हातारीला इचारलं, जमनी नावाची कुनी. ती म्हनली, घरटी एक जमनी हाय आमच्याकडं. पन तुजा हेल हाय तो आमच्या नदीच्या पल्याडचा, तिकडचीच असंल ती. मानूस घावलं न्हाई, पन नदीची कुठली बाजू ते घावलं. तेवढं बी लई हाय. सांजच्याला म्हातारीकडनं पुढचं शिकून घेतलं, मंदाला फोन केला अन् सगळं गानं, पुढचं-मागचं, तिला म्हनून दाखवलं, मोठ्यानं.

त्याच्याआधी मांडवात नियमापरमानं मला माजं सोताचं म्हनायचं हुतं. मी ओवी म्हनली. भाऊ माजा येतो माळाच्या वाटनं, सावली धरीती बाभूळ काट्यानं. तर म्हातारी पोरीमार्फत इचारती, काटा सावली कसा धरील? मी म्हनलं, आमच्याकडं बाभळीचीच सावली, दुसरं झाड हाय कुठं, उन्हातनं येनाऱ्या भावाला काट्याची का हुईना तीच सावली. म्हातारीनं मान हलवली, म्हनली, आमच्याकडं महू असतो, मोहाचं झाड, सावली गार. अन् मला वाटलं, एवढी वरसं मी ही ओवी म्हनते, आईला इचारलं तर तिनं हात चालव म्हनलं, अन् अर्थ मला आज सांगावा लागला तर माजा मलाच कळला. कुनी परक्यानं इचारल्याबिगर आपलं आपल्याला दिसत न्हाई बगा.

आता चौथं साल. मॅडम रिटायर झाल्या पन पंगत चालू हाय, संतोष आता टेम्पोनं बाया आनतो-नेतो अन् कुनी हसलं तर त्यालाच राग येतो. आमच्या गावाबाहेर रस्त्याचं काम सुरू हाय, तिथं झारखंडाकडची मानसं उतरलीत पत्र्याच्या शेडात. त्यातली एक बाई भांडी घासताना कायतरी गुनगुनती. मी तीन-चारदा वाटनं जाता-येता ऐकलं. परवा गेले अन् सरळ तिच्याजवळ जाऊन बसले. ती जरा बावरली, गप झाली. मी तिच्या पुढ्यातलं एक पातेलं ओढलं अन् घासायला लागले. दोन पातेली झाली अन् तिनं परत सुरू केलं, हळू.

काय म्हनती ते अजून कळलं न्हाई. कळंल. गुडघे साथ देतील तवर मी जाईन, नंतर दुसरं कुनी जाईल. तुमी एवढं ऐकून घेतलं, लिवून घेतलं, देव तुमच्या कानाला असंच ऐकतं ठिवो. चहा गार झाला तुमचा, थांबा, दुसरा टाकते, अन् तवर तुमच्या घरात काय गानं म्हनायचे ते सांगा मला.