अंजिराच्या अकरा कुंड्या

(नगररचना विभागाबाहेरचा बाक. दोघी आतून हाक येण्याची वाट बघत बसल्या आहेत.)

नणंद: म्हणजे काल तपासणीला तू त्या निरीक्षकाला आपणहून दाखवलंस? अगं वहिनी, झाकली मूठ सव्वा लाखाची. गप्प बसायला काय झालं होतं?

भावजय: काय झाकणार होते, वन्सं? तो माणूस एकेक कुंडी हातानं उचलून बघतो. अंजिरांच्या ओळीपाशी आला तेव्हा मीच म्हटलं, साहेब, पाठ मोडून घेऊ नका. या अकरा उठायच्या नाहीत. मुळं बुडातून खाली गेलीत.

नणंद: मग?

भावजय: मग काय, वाकला, एक हलवून पाहिली आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला. म्हणाला, जागा शाळेसाठी राखीव आहे. शाळा होईपर्यंत तुमच्या नर्सरीला तात्पुरती दिली ती एकाच अटीवर, पाया नको, खांब नको, जमिनीत रुजलेलं काही नको. मी म्हटलं, अट पाठ आहे, आठ वर्षं पाळलीय. तर म्हणे, उद्या कचेरीत या. मुदत वाढवायची की जागा परत घ्यायची, ते लिहून देतो.

नणंद: आणि परत घेतली तर? दादा अजून कुबड्यांवर. तीनशे कुंड्या घेऊन जाणार कुठं, माझ्या गॅलरीत?

भावजय: तुमच्या गॅलरीत तुम्हालाच उभं राहायला जागा नाही.

नणंद: थट्टा नको करू. कालपासून ओठांवर आलंय, आता बोलूनच टाकते. हे माझ्यामुळं झालं. तुम्ही दोघं अडीच महिने दवाखान्यात. जाताना तू चिठ्ठी लिहून दिलीस, दर शनिवारी प्रत्येक कुंडी जागची हलवायची. बाकीच्या हलवल्या गं. पण पहिल्याच शनिवारी अंजिरांनी माना टाकल्या. मला वाटलं, वर्गातल्या पोराचा सारखा बाक बदलला की ते बावरतं, तसंच असणार. जन्मभर मास्तरीण ना मी. मग त्यांना हातच लावला नाही. आणि ती अशी फोफावली की माझंच मला कौतुक. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा.

भावजय: मला माहीत आहे.

नणंद: कधीपासून?

भावजय: दवाखान्यातून आलो त्याच दिवसापासून. कुंडीला हात लावला आणि कळलं.

नणंद: त्याला महिना होऊन गेला की. इतके दिवस मूग गिळून बसलीस?

भावजय: काय बोलायचं होतं? गुडघे दुखत असताना दोन बस बदलून रोज येत होतात तुम्ही. तुम्ही नसतात तर त्या जागेवर एक हिरवं पान दिसलं नसतं. घरी आलो त्या दिवशी हे कुबड्या टेकत फाटकापर्यंत गेले आणि तिथंच रडले. म्हणाले, मला वाटलं होतं सगळं वाळून कोळ झालं असेल. तुम्ही तेव्हा आत चहा करत होतात. आणि अकरा कुंड्यांसाठी मी तुम्हाला बोल लावू?

नणंद: निदान मुळं तरी कापू द्यायची होतीस. तपासणी आहे कळल्यावर काल सकाळी मी कुदळ घेऊनच आले होते, तूच अडवलंस.

भावजय: या उन्हात कापली असती तर आठ दिवसांत झाडं गेली असती. तुम्ही जिवापाड जपलेली झाडं तुमच्याच हातानं मारू देऊ होय?

नणंद: पुरे आता. लोक बघतायत, डोळे पुसायला लावू नकोस.

निरीक्षक: नर्सरीवाल्या बाई, या आत. या कोण?

भावजय: माझ्या नणंद. शाळेत शिकवायच्या.

नणंद: साहेब, आधी माझं ऐका. अट माझ्या हातून मोडली. हिच्या पोटावर पाय आणू नका.

निरीक्षक: बसा, बाई. नियमात मला बदल करता येत नाही. जमिनीत रुजलेलं झाड तात्पुरतं धरता येत नाही, ते जागेचं होतं. म्हणजे ती अकरा अंजिरं आता महापालिकेची. विकायची नाहीत, तोडायची नाहीत.

भावजय: आणि बाकीची जागा, साहेब?

निरीक्षक: बाकीच्या दोनशे एकोणनव्वद कुंड्या काल मी उचलल्या. माझ्या कमरेला विचारा. सगळ्या उठल्या. तेवढ्या जागेची मुदत तीन वर्षांनी वाढवलीय. अंजिरं कुंपणालगत आहेत, शाळेच्या इमारतीला आड येत नाहीत. नकाशावर तशीच ठेवलीत.

भावजय: साहेब, तुमचे उपकार कसे फेडू?

निरीक्षक: उपकार कसले? मी वाकायच्या आधी खरं सांगणारं माणूस मला क्वचित भेटतं. इतरांकडे माझी कमर मोडली तरी कुणी तोंड उघडत नाही. बरं, एक रकाना राहिलाय. झाडं कुणी लावली?

नणंद: दादाचं नाव लिहा.

भावजय: वन्संचं लिहा, साहेब.

नणंद: अगं, मी कुठं लावली? मी नुसती हलवली नाहीत.

भावजय: लिहा, साहेब. आणि अक्षर जरा मोठं काढा, पुढं शाळेतली मुलं वाचतील.