मायचं नेसेसरी

मायशी इंग्रजीत वाद घालू नका, बाप्पा. मी शाळेत इंग्रजी शिकवतो, तरी हरलो.

दिवाळीनंतर मामाच्या गावी, नवेगावबांधला मंडई, म्हणजे आमच्याकडली जत्रा, भरते. सारे नातेवाईक तिथं हजर. माझ्यापुढे परीक्षेच्या पेपरांचा गठ्ठा, आणि माय म्हणते, "चाल, मंडईले जाणं नेसेसरी हाय." शब्दही माझ्याच शिकवणीतून उचललेला!

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "अर्थ तरी माहीत हाय का? मुळात लॅटिन शब्द हाय तो. ज्याच्यापासून मागं हटताच येत नाही, ते नेसेसरी. मंडई एखाद्या वर्षी हुकली तरी चालते."

माय उठून बाहेर गेली. मला वाटलं, पटलं. बाहेर येऊन पाहतो तर मोटारसायकलच्या मागच्या सीटवर, मांडीवर चकल्यांचा डबा घेऊन बसलेली.

"उतर ना माय!"

"नाही उतरत."

"काऊन?"

"मागं हटता येत नाही."

अर्धा तास मी ओरडलो. शेजारी जमले. माय हलली नाही. शेवटी पेपर पिशवीत कोंबले अन् गाडीला किक मारली.

मामानं दारातच विचारलं, "काऊन भाचा, तुले तर लय काम होतं ना?"

माय साऱ्या पाहुण्यांसमोर म्हणते, "येतच नव्हता रे. पण पोरगा शिकवते चांगला."