ओल्या गिलाव्यामागची पिल्ले

जबाब. ठिकाण: पोलीस ठाणे, मातेरा. रविवार, सकाळी.

माझे नाव श्रीमती लिविया बोर्गेझियो, वय ६७ वर्षे, धंदा पूर्वी बायकांचे केस कापण्याचे दुकान, सध्या काही नाही, राहणार व्हेर्चेल्ली, उत्तर इटली. सध्या मुक्काम मातेरा येथे, जुन्या वस्तीत भाड्याच्या खोलीत. मी स्वतः ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

मी व्हेर्चेल्ली येथे एकटी राहते. माझे पती गुइदो गेल्या नोव्हेंबरात वारले. मातेऱ्याची ही सहल त्यांनी आजारी पडण्यापूर्वीच ठरवून ठेवली होती. खोली दोघांची होती. म्हणून मी सोबत माझी नणंद एर्मिनिया, वय ७२, निवृत्त शिक्षिका, हिला आणले. आमचे दोघींचे पूर्वीपासून फारसे पटत नाही. हे तिनेही सांगितले असेल.

आम्ही गुरुवारी येथे आलो. शुक्रवारी दिवसभर पायी फिरलो. गुइदोंना पाखरे बघण्याचा नाद होता व त्यांची दुर्बीण एर्मिनियाने गळ्यात घातली होती. ती मला देत नव्हती. संध्याकाळी आम्ही चौकातल्या खाणावळीत बाहेर बसून शिळ्या पावाची टोमॅटो-कांदा घातलेली थंड कोशिंबीर आणि तळलेल्या वाळक्या मिरच्या खात होतो. त्यावेळी घरांच्या वर लहान ससाणे शेकड्याने घिरट्या घालत होते. येथे ते उन्हाळाभर कौलांखाली घरटी करतात व ती मोडणे गुन्हा आहे, हे आपणास माहीत आहे. एर्मिनिया मला म्हणाली, "नवरा तुझा होता, पण पाखरांचं वेड आमच्या घरातलं. तुला ससाण्यातला आणि कबुतरातला फरक तरी कळतो का?"

मी म्हणाले, "कबुतर डोक्यावर हगतं. एवढा कळतो."

त्याच वेळी वरून एक अर्धवट मेलेला नाकतोडा तिच्या ताटात पडला. कोणा ससाण्याच्या पंजातून सुटला असावा. ती हसली. मीही हसले. त्यानंतर तिने दुर्बीण मला दिली.

आमच्या खोलीच्या खिडकीसमोर शेजारच्या घराची गच्ची आहे. मध्ये गुडघ्याएवढा कठडा आहे. ते घर श्री. साव्हेरिओ मोंतेमुर्रो यांचे असून ते गच्चीवर पाहुण्यांना जेवण देतात. गच्चीच्या भिंतीत, कौलांच्या लगेच खाली, मुठीएवढे एक भोक होते. तेथे ससाण्याचे घरटे होते. नर निळसर डोक्याचा. तो दर थोड्या वेळाने नाकतोडे, टोळ घेऊन यायचा व आत पिल्ले ओरडायची. शनिवारी सकाळी आम्ही दोघी खिडकीत बसून हेच बघत होतो. कॉफी थंड झाली.

त्यानंतर आम्ही फिरायला बाहेर पडलो. बाजारातून पाव घेतला, दरीच्या कडेने चाललो, जेवून दुपारी खोलीवर परत आलो. तेव्हा ते भोक बुजवलेले दिसले. चुन्याचा नवा गिलावा होता. खाली गवंड्याची घमेली पालथी घातली होती. नर चोचीत टोळ धरून भिंतीला नखे रोवून लटकत होता. पडायचा, उडायचा, परत यायचा. एर्मिनियाने कठड्यावरून वाकून कान दिला व म्हणाली, "आत आहेत."

मी खाली जाऊन श्री. मोंतेमुर्रो यांना भेटले. ते उद्धट बोलले नाहीत, हे मी नमूद करते. ते म्हणाले, "बाई, तुम्ही सुट्टीवर आलात. फिरा, खा, मजा करा. गवंडी म्हणाला भोक रिकामं होतं."

मी म्हणाले, "आतून आवाज येतोय."

ते म्हणाले, "ही घाण लोकांच्या ताटात पडते हो. माझं पोट या टेबलांवर आहे. आणि शहरात ससाणे काय थोडे आहेत?"

मी वर येऊन वन पोलिसांना फोन केला. त्यांनी सर्व नीट विचारून घेतले. त्यांची गाडी वणव्याकडे गेली होती. सकाळी नक्की येतो, तोपर्यंत कशाला हात लावू नका, असे सांगितले. त्या दिवशी ऊन फार होते. कौले हाताला चटके देत होती.

मी एर्मिनियाला म्हणाले, "सकाळी येतो म्हणाले."

ती म्हणाली, "गुइदोच्या वेळीसुद्धा दवाखान्यात सकाळी या म्हणाले होते."

मी स्वयंपाकघरात गेले व मांस ठेचायची लोखंडी हातोडी घेतली. एर्मिनियाने तिच्या पिशवीतून बूट चढवायची लोखंडी पट्टी काढून माझ्या हातात दिली. मी कठडा ओलांडून गच्चीवर गेले. परवानगी घेतली नाही. मागितली असती तर मिळाली नसती.

मी प्लास्टिकच्या खुर्चीवर चढले. एर्मिनिया माझ्या मागोमाग कठडा ओलांडून आली. तिचे गुडघे दुखतात, त्यामुळे तिला वेळ लागला. तिने खुर्ची धरली. खुर्ची धरणे हा गुन्हा होतो का, ते मला माहीत नाही. हातोडी फक्त माझ्या हातात होती. तिने आपल्या जबाबात गिलावा तिने स्वतः फोडला असे सांगितले असेल, तर ते खोटे आहे. तिला पुढे पुढे करायची सवय आहे.

गिलावा वरून कोरडा पण आत ओला होता. पट्टीने खरवडला की ढेकळे निघत होती. ठोकल्याचा आवाज ऐकून श्री. मोंतेमुर्रो वर आले.

ते म्हणाले, "बाई, खाली उतरा. पडाल."

मी म्हणाले, "उतरते. हे झालं की."

"ही भिंत माझी आहे."

"भिंत तुमचीच आहे. आतले तुमचे नाहीत."

ते एर्मिनियाला म्हणाले, "तुम्ही तरी समजवा हिला."

एर्मिनिया म्हणाली, "हिला? पस्तीस वर्षं समजावतेय. आता नाही समजावणार. लिविया, डावीकडून काढ, तिकडे भुसभुशीत आहे."

शेवटचे ढेकूळ मी बोटांनी काढले, हातोडी लावली नाही. आत चार पिल्ले होती. तीन जिवंत होती. ती चोच उघडून धापा टाकत होती, आवाज करत नव्हती. एक भोकाच्या तोंडाशी होते, त्याच्या अंगावर चुना पडला होता. ते मेले होते. मी ते रुमालावर घेतले, खाली उतरले व श्री. मोंतेमुर्रो यांच्यासमोर टेबलावर ठेवले. त्यांनी ते वाकून पाहिले. नंतर खाली जाऊन त्यांनी पोलिसांना फोन केला. तो त्यांचा हक्क आहे.

आम्ही दोघी खिडकीत येऊन बसलो. नर आला नाही. एर्मिनिया म्हणाली, आता येणारच नाही, घाबरला असेल. मी तिला गप्प बस म्हणाले. उजेड असतानाच मादी आली. तिच्या पंजात काही नव्हते. ती भोकात शिरली व तेथेच राहिली. मग नर आला, टोळ घेऊन. एर्मिनिया उठून न्हाणीघरात गेली व बराच वेळ नळ सोडून उभी होती.

आज सकाळी वन पोलीस येऊन गेले. त्यांनी फोटो काढले, घरटे बुजवल्याची माझी तक्रार लिहून घेतली व मेलेले पिल्लू नेले. श्री. मोंतेमुर्रो यांनी ठाण्याच्या बाहेर मला गाठून सांगितले की, ते माझ्याविरुद्धची तक्रार मागे घेतील, मी घरट्याबद्दलची माझी तक्रार मागे घ्यावी, म्हणजे दोघांच्याही डोक्याचा ताप संपेल. ते थकलेले दिसत होते. मी त्यांना नाही म्हणाले. माझ्याविरुद्धची तक्रार त्यांनी ठेवावी. दुसऱ्याच्या गच्चीत शिरणे व भिंत फोडणे मी केले आहे, त्याचा जो दंड असेल तो मी भोगीन. घरट्याबद्दलची माझी तक्रार मात्र कायम आहे. पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा फोडीन.

आमचे परतीचे तिकीट उद्याचे होते, ते आम्ही रद्द केले. पिल्ले उडेपर्यंत आम्ही त्याच खोलीत राहणार आहोत. समन्स त्याच पत्त्यावर पाठवावे. दोघींच्या नावे पाठवले तरी चालेल.

हा माझा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. 'मुठीएवढे' ऐवजी 'मांजराच्या डोक्याएवढे' लिहिले होते, ते दुरुस्त करून घेतले. 'पुन्हा फोडीन' हे वाक्य न्यायालयात अडचणीचे होईल, काढू का, असे लिहून घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी दोनदा विचारले. मी दोन्ही वेळा राहू द्या म्हणाले. आता जबाब मी बोलले तसाच आहे व खरा आहे.

सही
लिविया बोर्गेझियो