हॉटेलमालकाच्या ताटाला नाही म्हणताना

विश्रांतीच्या खोलीतल्या गाद्या झटकून झाल्या होत्या, माठ धुऊन भरला होता, आणि मी मागच्या दारातला केर काढत होते. तेवढ्यात शिवलिंगप्पाभाऊ डबा उघडून भिंतीकडेच्या कुत्र्यांपुढं वाकलेले दिसले.

मी मधूनच सुरुवात केली, माफ करा. अध्यक्षस्थानी असलेल्या आपल्या आगारप्रमुख मोनिका मॅडम, व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, आज सेवेतून मोकळे होणारे आपले कंडक्टर शिवलिंगप्पाभाऊ, त्यांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी उमाबाई, आणि समोर बसलेल्या डेपोतल्या भावाबहिणींनो, सगळ्यांना नमस्कार. डेपोत घरचा डबा खायचा उपक्रम कसा सुरू झाला ते सांगा, असं मॅडम म्हणाल्या. तो त्या सकाळी सुरू झाला. मी इथं झाडलोट करते. शाळा चौथीपर्यंत. पुढचं वाचन गाडीत राहिलेल्या वर्तमानपत्रांवर झालं.

उमाबाई, आज ऐका आणि रागावू नका. तुम्ही पहाटे उठून केलेली भाकरी-भाजी भाऊ कुत्र्यांना घालायचे.

"भाऊ, हे काय?" मी विचारलं.

"हळू बोला वैनी. भरला डबा घरी नेला तर ती मला दारातच उभं करंल."

"मग खात का नाही?"

"हॉटेलात ताट वाढून ठिवत्यात. न्हाय म्हणलं की मालकाला वाटतं, उद्यापासनं गाडी दुसरीकडं थांबणार. त्याचं तोंड पडतंय."

पाहुण्यांना सांगते, लांबच्या गाडीची ही रीतच आहे. गाडी जिथं थांबते तिथं ड्रायव्हर-कंडक्टरला जेवण हॉटेलचं. वर भजी, वर तर्री, आणि आग्रह. त्या ताटाला नाही म्हणणं म्हणजे माणूस तोडणं, असं आपल्या लोकांना वाटतं. माझे यजमान लिंबाजी, त्यांनाही तसंच वाटायचं. लिंबाजी ड्रायव्हर आणि शिवलिंगप्पा कंडक्टर, ही जोडी जुन्यांना आठवत असेल. डॉक्टरांनी तेलकट बंद करा म्हणून सांगितलं होतं. पण त्या हॉटेलवाल्याला नाही म्हणायला यांची जीभ रेटली नाही. हृदयविकारानं गेले. मी हॉटेलवाल्याला दोष देत नाही. तो मायेनंच वाढायचा.

त्या सकाळी मात्र मी झाडू खाली ठेवला. "डॉक्टरांनी तुम्हालाही तेच सांगितलंय ना? मग त्या मालकाचं तोंड पडू नये म्हणून उमाबाईंना माझ्यासारखं करणार का?"

भाऊंनी डब्याचं झाकण लावलं. मग माझ्या चहाच्या कपाशेजारचे टोस्ट त्यांना दिसले.

"आन् तुमी? लिंबाजी गेल्यापासनं तुमाला हितं जेवताना कुणी बघितलंय का?"

"एकटीसाठी काय करायचं, भाऊ?"

"म्हंजे घरचं जेवायचं मी एकट्यानंच व्हय? लई शाण्या हाव वैनी तुमी!"

मी झाडू उचलला. पहिली गाडी लागली आणि ते गेले.

संध्याकाळी परत आले ते हसतच. हॉटेलात त्यांनी टेबलावर आपला डबा उघडला. मालक आला, म्हणाला, "आमचं काय चुकलं?" भाऊंनी त्याला हाताला धरून शेजारी बसवलं आणि अर्धी भाकरी पुढं केली. "गाडी हितंच थांबंल. जेवण तेवढं माझ्या घरचं." मालकानं शेपूची भाजी पुसून खाल्ली. स्वतः आत जाऊन ताक घेऊन आला. त्याच्याही घरून डबा येतो म्हणे, तोही तसाच परत जायचा!

नवीन ड्रायव्हरांनी ते बघितलं. एकानं नाही म्हटल्यावर दुसऱ्याला सोपं गेलं. आज आपल्या खोलीत दुपारी सतरंजी अंथरली जाते आणि सगळे आपापला डबा उघडतात, हा सगळा उपक्रम एवढाच आहे. भाऊ, आता तुमच्या गावी अणदूरला शेतात वेळेवर जेवा. तिथं उमाबाई समोरच असतील, कुत्र्यांचं काही चालणार नाही.

मॅडमनी मला बोलायला उभं केलं, तुम्ही शांतपणे ऐकलंत, त्याबद्दल आभार. बोलण्यात कुणाचा मान राखायचा राहिला असेल तर चूक पदरात घ्या. एक सांगायचं राहिलं. भाऊंना त्या सकाळी मी उत्तर दिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी एकटीसाठी गॅस पेटवला, ज्वारीची भाकरी केली, आणि दुपारी डेपोत जे होते त्यांच्याबरोबर जेवायला बसले.