डबीवरची चिठ्ठी

मला एक सांगा, अर्धं खरं बोलणाऱ्याला तुम्ही खोटारडा म्हणाल का? नाही ना? मीही म्हणत नव्हतो! चौतीस वर्षं शाळेत नीतीचे तास घेतले, आजही रोज पहाटे देवासमोर डोळे मिटून बसतो, आणि त्या माणसावर ही वेळ यावी?

तुम्हाला सांगतो, प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं, देवाच्या कृपेनं वाचलो, तर तो सर्जन, माझ्या मुलाच्या वयाचा, फाइलमधून डोकंही वर न काढता म्हणतो, "सर, रोज एक गोळी. पुरुषत्व परत यायला. शिवाय हृदयालाही फायदा होत असावा असं काही अभ्यास सांगतात, पक्कं ठरलेलं नाही. मात्र जिभेखालची गोळी घेणाऱ्यानं हिला हात लावायचा नाही, रक्तदाब धाडकन कोसळतो." एवढ्या मोठ्या भाषणातून मी उचललं काय? मधलं वाक्य! डबीवर सुवाच्य अक्षरात चिठ्ठी चिकटवली: 'हृदयासाठी'. सून म्हणाली, "बाबा, ही कसली गोळी?" "हृदयाची." मुलानं विचारलं, "हृदयाची." आमची ही काही विचारीना, नुसती बघायची... खोटं नव्हतं हो, अर्धं खरं होतं!

आणि मग सुनेचे वडील, आमचे व्याही, आठ दिवस राहायला आले. माणूस सज्जन, पण कानांनी चांगलाच बहिरा, ओरडल्याशिवाय ऐकू न येणारा, आणि छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायची गोळी सदैव खिशात. रविवारची सकाळ, सगळे चहाला बसलेले, खिडक्या उघड्या, आणि हे म्हणतात, "व्याहीबुवा, माझी रोजची हृदयाची गोळी संपली, म्हणून तुमच्या डबीतली घेतली हं मघाशी! पण छातीत आवळल्यासारखं होतंय, आता ही जिभेखाली ठेवतो..."

मी झडप घालून मनगट धरलं! "थांबा! माझी गोळी हृदयाची नाही!"

"आं? तसं लिहिलंय की! सोडा हात, जीव चाललाय माझा!"

मुलगा दवाखान्याला फोन लावून ओरडतोय, "बाबा, कसली गोळी ते विचारतायत!" सून रडतेय... आणि तुम्हाला सांगतो, त्या क्षणीसुद्धा, देवाशप्पथ, माझी जीभ 'हृदयाची'च म्हणायला वळवळत होती! खोटं नव्हतं, अर्धं खरं होतं, पण त्या अर्ध्यानं माणूस जाणार होता. मग ओरडलो. वर्गातल्या शेवटच्या बाकाला ऐकू जायचं त्या आवाजात. "पुरुषत्वाची आहेऽऽ!"

समोरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणारी बाई तशीच थांबली. आमची ही शांतपणे म्हणाली, "झालं एकदाचं पूर्ण."

व्याही वाचले. दोन दिवस दवाखान्यात राहिले, ठणठणीत होऊन परत आले, मुक्काम महिनाभर वाढला. डबीवर आता सुनेच्या अक्षरात नवी चिठ्ठी, पूर्ण कारणासकट. आणि रोज सकाळी व्याही खिडकीशी उभे राहून, अगदी मायेनं, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारतात, "व्याहीबुवा, पुरुषत्वाची घेतली का?"

"घेतली."

"आं?"

"घेतलीऽऽ!"

"आं?"

आणि मग समोरच्या गॅलरीतून ती बाई ओरडते, "आजोबा, घेतली म्हणतायत ते!"